डागाला कारण हवं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलं. स्वच्छ छपाई हा त्यांच्या पिढीचा धर्म होता. शाई पसरली, खिळा झिजलेला निघाला, ओळ वाकडी बसली की प्रूफ परत जायचं. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या या व्यासपीठावर मी फाटक्या, मळक्या, खरचटलेल्या अक्षरांविषयी बोलणार आहे. विषय मुद्दाम निवडला आहे. स्वच्छतेसाठी ज्यांनी हात काळे केले, त्यांच्याच साक्षीनं डागाची बाजू नीट तपासता येईल असं मला वाटतं.

१९९० च्या दशकात अमेरिकेत 'ग्रंज' या नावानं ओळखली जाणारी मांडणीची एक तऱ्हा पुढे आली. ती तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. अर्धवट पुसलेली अक्षरं, एकमेकींवर चढलेल्या ओळी, टाइपरायटरचे तुटके ठसे, झेरॉक्सचे काळे ठिपके, खरवडलेली पार्श्वभूमी. तीसएक वर्षं तिच्यावर वाद झाले, आणि ते बहुतेक दोनच प्रश्नांवर झाले: हे वाचता येतं का, आणि हे सुंदर आहे का. मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पानावरचा डाग आला कुठून? या शैलीतलं जे काम आजही ताजं वाटतं, त्यातल्या डागाला कारण आहे. जे विटलं, त्यातला डाग विकत आणलेला आहे. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

नाव संगीतातून आलं, म्हणून सिएटलपासून सुरुवात करतो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या या पावसाळी शहरात ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनेमन 'सब पॉप' ही रेकॉर्ड कंपनी चालवत होते. तिचं मूळ पॅव्हिट यांनी काढलेल्या 'सबटेरेनियन पॉप' या छोट्या हौशी अंकात होतं. १९८९ साली 'निर्वाणा' या बँडची 'ब्लीच' ही पहिली ध्वनिमुद्रिका या कंपनीनं काढली. ध्वनिमुद्रणाला सहाशे डॉलर लागले, आणि तो आकडा त्यांनी पाकिटावरच छापला. मुखपृष्ठावरचं छायाचित्र निगेटिव्हसारखं उलटं, काळ्याचं पांढरं केलेलं.

बँडचं नाव कोणत्या टाइपात बसवायचं याची गोष्ट मोठी बोलकी आहे. मांडणी करणाऱ्या लिसा ऑर्थ 'द रॉकेट' या स्थानिक संगीत मासिकात काम करत होत्या. तिथल्याच एका सहकाऱ्याला थोडे पैसे देऊन त्यांनी ते नाव फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रावर जुळवून घेतलं. यंत्रात त्या वेळी जो टाइप चढवलेला होता, तोच वापरला गेला. तो होता ऑनिक्स. जेरी पॉवेल यांनी १९३७ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी काढलेला, बोदोनी या जुन्या टाइपाच्या वळणाचा, दाटीनं उभा राहणारा जाहिरातींचा टाइप. ग्रंज म्हटलं की जगाला जे नाव आधी आठवतं, त्याच्या अक्षरांवर एकही ओरखडा नाही. आहे ती घाई, तुटपुंजा पैसा आणि समोर जे आहे त्यावर भागवण्याची सवय. ती त्या अक्षरांत उतरली आहे, आणि म्हणून ते नाव त्या गाण्यांचंच वाटतं.

त्याच शहरात आर्ट चँट्री पोस्टर करत होते. जुन्या हत्यारांच्या कॅटलॉगमधली चित्रं कापायची, झेरॉक्सवर मोठी करत न्यायची, कात्री आणि डिंकानं हातानं जुळवायची. संगणकाकडे ते वळलेच नाहीत. त्यांच्या पोस्टरवरचे जाड, फुटलेले ठिपके पाहताना झेरॉक्सचं यंत्र कुठे थकलं हे कळतं.

या सगळ्यामागे युरोपातली एक जुनी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धानंतरचे दादावादी, कुर्ट श्विटर्सचे कचऱ्यातले कागद, १९७७ मध्ये जेमी रीड यांनी सेक्स पिस्टल्स या बँडसाठी केलेली कापलेल्या अक्षरांची पाकिटं, हे सगळं अनेकदा सांगून झालेलं आहे. त्या परंपरेतल्या एका माणसापाशी मात्र थांबायला हवं. त्याचं नाव वोल्फगांग वाइनगार्ट. ते १९६८ पासून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शाळेत अक्षरमांडणी शिकवू लागले. मुळात ते शिकलेले जुळारी होते, कंपोझिटर. खिळे हातात घेऊन ते या क्षेत्रात आले, आणि स्विस मांडणीची जी शिस्त जगभर शिरोधार्य मानली जात होती, ती त्यांनी तिच्याच घरात बसून मोडली. फिल्मचे थर एकावर एक ठेवायचे, स्क्रीनचे ठिपके डोळ्यांत भरतील इतके मोठे करायचे, ओळींमधली जागा हवी तशी ताणायची. त्यांच्याकडे शिकलेल्या एप्रिल ग्रायमन आणि डॅन फ्रीडमन यांनी ही विद्या अमेरिकेत नेली.

इथे छपाईच्या तंत्रातली एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ तिच्यात आहे. शिशाच्या खिळ्याला अंग असतं. 'क'चा खिळा जिथे उभा आहे, तिथे 'ख'चा खिळा उभा राहू शकत नाही. दोन ओळी एकमेकींवर चढवायच्या तर कागद दुसऱ्यांदा यंत्रातून काढावा लागतो. म्हणजे पानावरची शिस्त केवळ जुळाऱ्याच्या संस्कारातून येत नव्हती, ती धातूच्या स्वभावातून येत होती. पाच शतकं छापलेल्या पानाला ही हमी धातूनं दिली.

१९८४ मध्ये मॅकिंटॉश हा संगणक आला. त्याच सुमारास पानाचं वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट ही संगणकभाषा आली, १९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर आणि पेजमेकर हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर, १९८७ मध्ये तसंच क्वार्कएक्सप्रेस. आता दोन ओळींतलं अंतर शून्य करता येऊ लागलं, शून्याच्याही खाली नेता येऊ लागलं. अक्षरांना अंग उरलं नाही. जी व्यवस्था आपोआप मिळत होती ती आता प्रत्येक पानावर कुणीतरी निवडायची गोष्ट झाली. ती निवडायची गोष्ट आहे म्हटल्यावर कुणीतरी ती नाकारणार, हेही ठरलेलंच होतं.

त्याच १९८४ साली रूडी व्हॅन्डरलान्स या डच मांडणीकारानं कॅलिफोर्नियात 'एमिग्रे' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांची पत्नी झुझाना लिचको, जन्मानं ब्रातिस्लावाची. तिनं त्या पहिल्या मॅकवर, जाडजूड चौकोनी ठिपक्यांतून अक्षरं घडवली. ठिपके बारीक होण्याची वाट न पाहता, यंत्राला जेवढं येतं तेवढ्यातच नीट बसेल असं वळण तिनं शोधलं. लोकांना ती अक्षरं ओबडधोबड वाटली. मला त्यांत विलक्षण प्रामाणिकपणा दिसतो. वाचनीयतेबद्दलचं तिचं मत नंतर खूप गाजलं: माणूस जे टाइप सतत वाचतो तेच त्याला उत्तम वाचता येतात, वाचनीयता सवयीतून येते.

'एमिग्रे'नं प्रसारात आणलेल्या टाइपांपैकी 'टेम्प्लेट गॉथिक' हा त्या दशकाचा चेहराच झाला. १९९० मध्ये बॅरी डेक या तरुणानं तो काढला. कपडे धुण्याच्या दुकानातली एक पाटी त्याच्या मनात भरली होती. अक्षरं गिरवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, ती ठेवून कुणीतरी बिनसरावाच्या हातानं ती पाटी लिहिली होती. रेघ कुठे जाड, कुठे निमुळती, टोकं अडखळलेली. डेकचे शिक्षक होते एड फेला. डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या आणि दवाखान्यांच्या जाहिराती करण्यात तीस वर्षं घालवून हा माणूस पंचेचाळिशी उलटल्यावर मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १९८७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. फेलांच्या हातपत्रकांवरची अक्षरं मुद्दाम विषम अंतरावर बसवलेली असतात, पण त्या विषमतेत तीस वर्षांचा हात आहे. सम अंतर कसं साधतात हे ज्याला झोपेतही ठाऊक आहे, त्यानं ते मोडलेलं आहे. नवशिक्याच्या चुकीत आणि फेलांच्या मोडण्यात फरक करायला शिकणं हे मांडणीच्या शिक्षणातलं मोठं काम आहे असं मी मानतो.

आता डेव्हिड कार्सन. त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. समाजशास्त्राची पदवी, शाळेत शिक्षकाची नोकरी, आणि समुद्राच्या लाटांवर व्यावसायिक सर्फिंग. अक्षरमांडणीचं औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही; १९८० मध्ये ॲरिझोनात एक छोटा अभ्यासवर्ग आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये हान्स-रुडोल्फ लुट्झ यांच्याकडे काही आठवड्यांची कार्यशाळा, एवढंच. १९८९ ते १९९१ या काळात 'बीच कल्चर' या नियतकालिकाचे जेमतेम सहा अंक निघाले, पण त्यांतून कार्सन यांचं नाव झालं. १९९२ मध्ये मार्व्हिन स्कॉट जॅरेट यांनी 'रे गन' हे संगीत मासिक काढलं आणि १९९५ पर्यंत कार्सन त्याचे कला दिग्दर्शक होते. त्याच वर्षी लुईस ब्लॅकवेल यांच्यासह केलेलं 'द एंड ऑफ प्रिंट' हे पुस्तक आलं. त्यानंतर जगभरच्या कला महाविद्यालयांत पोरं कार्सनसारखं करू लागली.

कार्सन यांची दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवतो. 'बीच कल्चर'मध्ये एका अंध सर्फरवर लेख होता. तो उघडला की समोर दोन पानं येतात, दोन्ही पूर्ण काळी. चित्र नाही, सजावट नाही. अंक उघडणारा डोळस वाचक क्षणभर त्या माणसाच्या जागी उभा राहतो. इथे वाचनीयता शून्यावर आली आहे आणि सांगणं पूर्ण झालं आहे.

दुसरं पान 'रे गन'मधलं, १९९४ चं. ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कार्सन यांना कंटाळवाणी वाटली. त्यांनी ती पूर्ण मुलाखत झॅफ डिंगबॅट्समध्ये बसवली. डिंगबॅट्समध्ये अक्षरं नसतात, फुल्या, चांदण्या, बाण असली चिन्हं असतात. मजकूर आहे, पण एक शब्द वाचता येत नाही. वाचता येईल अशी प्रत त्याच अंकात मागे दिली होती. या पानाची कौतुकानं भरलेली वर्णनं डझनांनी सापडतात. माझं मत स्पष्ट आहे: हे पान मला पटत नाही. काळ्या पानांचं कारण लेखातल्या माणसात होतं. चिन्हांच्या पानाचं कारण मांडणी करणाऱ्याच्या कंटाळ्यात होतं. कुणीतरी प्रश्न विचारले होते, कुणीतरी उत्तरं दिली होती, कुणीतरी पैसे देऊन अंक घेतला होता. त्या तिघांच्या मध्ये उभं राहून दार लावून घेण्याचा अधिकार मांडणीकाराला नाही. कार्सन हे माझ्या लेखी थोर मांडणीकार आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या या पानाची गणना त्यांच्या थोर कामांत करायला मी तयार नाही.

या ठिकाणी विरोधी बाजू तिच्या पूर्ण बळानिशी समोर यायला हवी. १९३० मध्ये लंडनला मुद्रणव्यावसायिकांसमोर बोलताना बिअट्रिस वॉर्ड यांनी छपाईची तुलना स्फटिकाच्या पेल्याशी केली होती: रसिकाला आतल्या मद्याचा रंग दिसला पाहिजे, पेला दिसताच कामा नये. साठ वर्षांनी ग्रंजवर जी टीका झाली, तिचा पाया हाच. मासिमो व्हिन्येली हे न्यूयॉर्क भुयारी रेल्वेच्या पाट्या आणि नकाशा घडवणारे, मोजक्या टाइपांवर आयुष्य काढलेले मांडणीकार. 'प्रिंट' या नियतकालिकातल्या १९९१ च्या चर्चेत ते 'एमिग्रे'ला कचऱ्याचा कारखाना म्हणाले. १९९३ मध्ये स्टीव्हन हेलर यांनी 'आय' या ब्रिटिश नियतकालिकात कुरूपतेच्या या पंथावर लेख लिहिला. निमित्त होतं क्रॅनब्रुकच्या विद्यार्थ्यांचं एक प्रकाशन. त्या लेखामुळे पुढे बरंच वादळ उठलं. हेलर सरसकट सगळं झोडपत नव्हते. एखाद्या गटाच्या जगण्यातून, विचारातून आलेली कुरूपता आणि केवळ शैली म्हणून अंगावर घेतलेली कुरूपता, असा भेद ते करत होते. त्यांच्या उदाहरणांशी माझे मतभेद आहेत, भेदाशी नाहीत.

तो भेद सगळ्यात लख्ख दिसतो तो एका चित्रपटात. १९९५ चा डेव्हिड फिंचर यांचा 'सेव्हन'. त्याची श्रेयनामावली काइल कूपर यांनी केली. काळ्या खरवडपाटीवर सुईनं अक्षरं कोरली, ती चित्रित केली, पडद्यावर ती थरथरतात, उडी मारतात, पुसली जातात. चित्रपटातला खुनी रात्रंदिवस वह्या लिहीत, कापत, चिकटवत बसलेला असतो, आणि ही अक्षरं त्याच्याच हातची असल्यासारखी येतात. खुनी पडद्यावर दिसण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षक त्याच्या हस्ताक्षराला घाबरलेला असतो. ग्रंज शैलीनं जगाला दिलेलं हे सर्वोत्तम काम, असं मी म्हणेन.

त्यानंतर चित्रपटांच्या नामावल्या वर्षानुवर्षं थरथरत राहिल्या. विनोदी चित्रपटातही ओरखडे, शाम्पूच्या जाहिरातीतही ओरखडे. कपड्यांच्या जगात हे थोडं आधीच घडलं होतं. १९९२ मध्ये मार्क जेकब्स यांनी पेरी एलिस या कंपनीसाठी ग्रंजचा पेहराव रॅम्पवर आणला, तेव्हा जुन्या बाजारातल्या फ्लॅनेलच्या चौकडी शर्टची नक्कल त्यांनी रेशमात करवून घेतली होती. थंडी आणि गरिबी या दोन कारणांनी अंगावर आलेला शर्ट कारण गळून पडल्यावर रेशमी झाला. त्या संग्रहापायी जेकब्स यांची नोकरी गेली, पण नक्कल थांबली नाही.

अक्षरांच्या बाबतीत ही नक्कल पकडायची एक साधी खूण आहे. मी विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगतो. मळक्या फॉन्टमध्ये छापलेला कुठलाही शब्द घ्या, ज्यात एक अक्षर दोनदा येतं. पहिल्या 'ई'च्या पोटावर जो ओरखडा आहे, तोच, तंतोतंत तोच ओरखडा दुसऱ्या 'ई'च्या पोटावर असतो. झीज कधीच अशी होत नाही. दोन खिळे एकाच साच्यातून निघाले तरी त्यांचं आयुष्य वेगळं असतं, एक जास्त वापरला जातो, एक खाली पडतो. फॉन्टमधला ओरखडा कधी घडलेलाच नसतो.

हे त्या काळातल्या जाणत्या लोकांनाही कळत होतं. एरिक व्हान ब्लॉकलंड आणि युस्ट व्हान रोसुम या दोन डच तरुणांनी १९८९ च्या सुमारास 'बेओवुल्फ' नावाचा टाइप केला. पोस्टस्क्रिप्टमधल्या रेघ ओढण्याच्या आज्ञेत त्यांनी यादृच्छिकता घुसवली, त्यामुळे प्रत्येक अक्षराचे कोपरे प्रत्येक वेळी छापताना थोडे सरकत. एका पानावर दोन 'ए' सारखे येणार नाहीत. धातूच्या टाइपात प्रत्येक ठशाला जो वेगळेपणा आपोआप मिळायचा, तो त्यांनी गणितातून परत आणला. पुढे छपाईची सॉफ्टवेअरं बदलली आणि ती युक्ती चालेनाशी झाली, पण तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. व्हान ब्लॉकलंड यांनीच टाइपरायटरच्या ठशांवरून 'ट्रिक्सी' केला, जो 'एक्स-फाइल्स' या मालिकेच्या नावामुळे घरोघर पोचला. २००८ मध्ये त्यांनी त्याची नवी आवृत्ती काढली, तीत एकेका अक्षराची अनेक रूपं घातली आणि ती आलटूनपालटून येतील अशी सोय केली. म्हणजे स्वतःच्याच जुन्या कामातली खोट त्यांनी दुरुस्त केली.

'एमिग्रे'चं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण तो भाग सहसा वगळला जातो. १९९६ मध्ये लिचको यांनी बास्करव्हिल या जुन्या टाइपाच्या आधारे 'मिसेस ईव्ह्ज' आणि बोदोनीच्या आधारे 'फिलोसोफिया' असे दोन टाइप काढले. 'फिलोसोफिया'च्या अक्षरांची टोकं किंचित गोलसर, फुगीर आहेत. लेटरप्रेसवर दाब पडला की शाई कडेला थोडी सरकते. ती सरकलेली शाई लिचको यांनी आकारात धरून ठेवली. डोळ्याला ती दिसत नाही, वाचताना पानाची ऊब म्हणून जाणवते. या टाइपाची घोषणा करणारं पोस्टर केलं मासिमो व्हिन्येली यांनी, कचऱ्याचा कारखाना म्हणणाऱ्या त्याच व्हिन्येलींनी. 'एमिग्रे' २००५ मध्ये ६९ व्या अंकानंतर थांबलं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २३ डिजिटल टाइप आपल्या संग्रहात घेतले, त्यांत 'टेम्प्लेट गॉथिक' आणि 'बेओवुल्फ' आहेत.

आता थोडं आपल्या लिपीकडे. मराठीत ग्रंज नावाची चळवळ झाली नाही, आणि ओढूनताणून नातं जोडण्यात मला रस नाही. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढत. स्टेन्सिल फाटली की शाई फुटायची. तो डाग सिएटलच्या झेरॉक्ससारखाच खऱ्या कारणाचा होता. साम्य एवढंच, प्रभाव कुणाचा कुणावर नाही.

मला काळजी वाटते ती आजच्या कामाची. रोमन लिपीसाठी तयार झालेला ओरखड्यांचा आणि ठिपक्यांचा पोत आपल्याकडे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, नाटकांच्या जाहिरातींवर देवनागरी अक्षरांवर जसाच्या तसा अंथरला जातो. रोमन अक्षरावर पडलेला ठिपका बहुतेक वेळा निव्वळ ठिपका राहतो. देवनागरीत शिरोरेषेवर पडलेला ठिपका अनुस्वार होतो. 'मद'चा 'मंद' होतो, 'वश'चा 'वंश' होतो. शिरोरेषेची डावी बाजू ओरखड्यानं खाल्ली तर 'म' 'भ'कडे झुकतो आणि 'घ' 'ध'कडे. रोमन शब्दाचा खालचा अर्धा भाग झाकला तरी वरच्या अर्ध्यावरून तो बराचसा ओळखता येतो. आपल्या लिपीत वरची रेघ जवळजवळ सगळ्या अक्षरांना सारखीच, त्यामुळे व्यंजनाची ओळख रेघेच्या खाली उतरलेली आहे. म्हणजे कुठे पुसलं तर चालेल आणि कुठे पुसलं तर शब्द बुडेल, याचा हिशेब देवनागरीत पूर्ण वेगळा आहे, आणि तो कुठल्याही तयार पोतात मांडलेला नसतो.

तो हिशेब जुन्या मराठी पुस्तकांत मात्र सापडतो. खिळ्याच्या अंगाबाहेर आलेले नाजूक भाग, वेलांटीची कमान, रफार, मात्रेचं टोक, हे आधी तुटायचे. दंड उशिरा झिजायचा. शाई आधी गाठीत साचायची, 'क्ष'च्या आणि 'ज्ञ'च्या पोटात. ही आपल्या लिपीची स्वतःची झीज आहे. शिळाप्रेसवरच्या पोथ्या, खिळ्यांवर छापलेली क्रमिक पुस्तकं, सायक्लोस्टाइलवरचे अंक, या तिन्हींत ती वेगवेगळी दिसते. ग्रंथालयांत ही पानं अजून आहेत. भिंग घेऊन एकेका अक्षराची झीज उतरवून घेणारा, कुठला भाग कधी जातो आणि तरी शब्द कसा वाचता येतो याची नोंद करणारा अभ्यास मराठीत व्हावा, असं मला मनापासून वाटतं. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला तो करायचा असेल, तर व्याख्यानानंतर मी थांबणार आहे. माझ्याकडची जुनी पुस्तकं त्यांना खुली आहेत.